बाबांचा दाढीचा ब्रश

दाढी या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार काय, असं कुणीही विचारेल. मी बँकेत नोकरी करणारी ४७ वर्षांची बाई. पण गेल्या दीड वर्षात मी अडीचशेच्या वर दाढ्या केल्या आहेत. सगळ्या एकाच माणसाच्या, माझ्या बाबांच्या. तेवढ्या अनुभवावर हा लेख आहे.

बाबांना तुमच्यापैकी काही जणांनी गणेशोत्सवात पाहिलं असेल. मांडवाच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून वर्गणीच्या पावत्या फाडणारे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले गृहस्थ. सियागंजातल्या एका रंगाच्या दुकानात त्यांनी ३४ वर्षं हिशेब लिहिले. रंगाच्या दुकानात राहूनही त्यांच्या शर्टावर कधी थेंब दिसला नाही, हे आई आजही अभिमानाने सांगते.

रोज सकाळी सहाला रामबागेतल्या आमच्या जुन्या घराच्या गॅलरीत त्यांची दाढी चालायची. खिळ्याला टांगलेला आरसा, स्टीलची वाटी, डबीत गोदरेजचा गोल साबण, आणि काळ्या मुठीचा एक ब्रश. त्या वाटीत ब्रश फिरल्याचा खरखर आवाज हाच आम्हा भावंडांचा गजर. दाढी, मग आंघोळ, मग पूजा. हा क्रम रविवारी बदलला नाही, रिटायर झाल्यावर बदलला नाही, आजी गेली त्यानंतरचे सुतकाचे दिवस सोडले तर कधीच बदलला नाही.

गेल्याच्या आधीच्या वर्षी मार्चमध्ये बाबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, आणि बोलणं गेलं. बोलणं गेलं म्हणजे आवाज आहे, समजतं सगळं, पण शब्द सापडत नाही. चहा हवा असला की 'शाळा' म्हणणार, आणि चुकलं हे लगेच कळून स्वतःवरच चिडणार. दिवसाकाठी पाच-सहा शब्द नीट यायचे. त्यातला सगळ्यात पक्का शब्द 'नाही'.

दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तोंडावर तीन आठवड्यांची पांढरी दाढी होती. आईने आरसा समोर धरला. बाबांनी मान फिरवली आणि म्हणाले, "नाही." मग डाव्या हाताने गालावरून हात फिरवून पुन्हा, "नाही, नाही."

आता तुम्ही तरुण मंडळी म्हणाल, यात काय मोठं? हल्ली तर दाढी राखायचीच फॅशन आहे. माझ्या मुलाने अकरावीत गेल्यापासून हनुवटीवरचे बावीस केस जपले आहेत. पण ज्याने आपल्या हाताने पन्नास वर्षं रोज तोंड गुळगुळीत केलं, त्याला आरशात दुसराच माणूस दिसत होता. हात गेला, शब्द गेले, आता चेहराही गेला, असं त्यांना वाटत असावं. बोलून दाखवता येत नव्हतं एवढंच.

डॉक्टरांनी आधी ट्रिमर वापरायला सांगितलं. बाबांना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सुरू होत्या, त्यामुळे कुठे कापलं तर रक्त लवकर थांबत नाही. ट्रिमर सुरक्षित होता, पण खुंट राहायचे. बाबा हात फिरवायचे आणि तोंड वाकडं करायचे. मग नाक्यावरच्या सलूनमधले दादा घरी आले. त्यांचा हात सफाईचा, पण सवय धडधाकट गिऱ्हाइकाची. भरपूर पाणी, भरपूर फेस, भरभर काम. बाबांच्या ओठाची उजवी कड सैल पडलेली, तिथून फेसाचं पाणी तोंडात गेलं आणि त्यांना असा ठसका लागला की आईने दादांना हात जोडून परत पाठवलं. झटक्यानंतर बऱ्याच जणांना गिळायला त्रास होतो आणि पाण्यासारखं पातळ काही चुकीच्या नळीत जाऊ शकतं, हे स्पीच थेरपिस्टने आम्हाला बजावलं होतं. ते त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

मग मी पुढे झाले. डॉक्टरांना विचारून घेतलं. ते म्हणाले, साधं दोन पात्यांचं नवं रेझर, हलका हात, बसवून करायचं, आणि तुरटी जवळ ठेवायची. (तुमच्या घरी असा पेशंट असेल तर तुम्हीही तुमच्या डॉक्टरांना विचारा. माझ्या लेखावर जाऊ नका.) पहिल्या दिवशी मी कॅनमधला तयार फेस आणला. बाबांनी तो पाहून कपाटाकडे बोट दाखवलं. तिथे त्यांचा काळ्या मुठीचा ब्रश होता. मी तो भिजवून वाटीत फिरवला, तर केसांचा अख्खा झुपका हातात आला. मुठीच्या आत केस ज्या डिंकात रोवलेले असतात त्याने जीव सोडला होता. बाबा त्या झुपक्याकडे पाहत राहिले.

मी म्हटलं, "बाबा, नवीन आणते." इथून माझं ब्रशपुराण सुरू झालं.

मला वाटलं होतं ब्रश म्हणजे ब्रश. ऑनलाइन पाहिलं तर डोकं फिरायची वेळ. नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्याचे, डुकराच्या केसांचे, बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचे, आणि बॅजर-डुक्कर मिश्र केसांचे. त्यातही बॅजरचे 'प्युअर', 'बेस्ट', 'सिल्व्हरटिप' असे प्रकार. प्युअर म्हणजे सगळ्यात शुद्ध असं मी समजले. प्रत्यक्षात ती बॅजरमधली खालची, जरा राठ आणि गडद प्रत. टोकं पांढरीशुभ्र आणि मऊ असतात ती सिल्व्हरटिप. आणि या नावांना सगळ्या कंपन्यांत मिळून एकच एक माप नाही, ज्याचं त्याने ठरवलेलं.

बॅजर आपल्याकडे फार कुणाला माहीत नाही. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या तोंडाचा, बिळात राहणारा, मुंगसाहून बराच मोठा प्राणी. आपल्या जंगलात त्याचा एक लांबचा नातेवाईक आहे, त्याला मराठीत चांदी अस्वल म्हणतात. तो कायद्याने संरक्षित आहे आणि त्याचा या ब्रशशी संबंध नाही. ब्रशचा बॅजर बहुतेक चीनमधून येतो. युरोपात मात्र हे नातं इतकं जुनं आहे की फ्रेंच भाषेत 'ब्लेरो' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत, बॅजर आणि दाढीचा ब्रश.

पहिला ब्रश मी फसून घेतला. वर 'बॅजर' लिहिलेलं, किंमत ४५० रुपये. दिसायला झकास, मध्ये काळा पट्टा, टोकं फिकट. वाटीत भिजवला तर पाणी चहासारखं झालं. पट्टा रंगवलेला होता. खऱ्या बॅजरच्या केसाला बुडाशी फिकट, मध्ये गडद आणि टोकाला पुन्हा फिकट असे जन्मजात पट्टे असतात. डुकराच्या केसाला तसा पट्टा नसतो, म्हणून स्वस्त ब्रशवर तो रंगाने काढतात. तुम्ही कधी घेतलात तर ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासून पाहा. रंग उतरला तर ओळखा. दुसरी खूण म्हणजे एक केस भिंगाखाली धरा. डुकराचा केस बुडाशी जाड असतो आणि टोकाला त्याला दोन-तीन फाटे फुटलेले दिसतात. बॅजरचा टोकाकडे नुसता निमुळता होत जातो.

रंगवलेल्या केसांच्या नादाने मी आणखी वाचत गेले आणि एक भीतिदायक गोष्ट सापडली. पहिल्या महायुद्धात बॅजरचा केस मिळेनासा झाला, तेव्हा घोड्याचे केस रंगवून नकली बॅजरचे ब्रश बनवले गेले. ते केस नीट निर्जंतुक केलेले नव्हते. त्यातून सैनिकांना आणि इतरांनाही अँथ्रॅक्स, म्हणजे काळपुळी झाली, काही माणसं दगावली. दाढीच्या ब्रशमुळे! आज केस उकळून, स्वच्छ करूनच वापरतात. तरीही तो ४५० रुपयांचा ब्रश मी त्याच संध्याकाळी कचरागाडीत टाकला.

हे हैदराबादच्या माझ्या भावाला कळलं. दादाचं प्रेम नेहमी कुरिअरने येतं. त्याने अस्सल सिल्व्हरटिप पाठवला. किंमत विचारली तर सांगेना. हातात घेतला तर सशाच्या पाठीवरून हात फिरवल्यासारखं. आईने गालाला लावून पाहिला. मी मोठ्या थाटात फेस केला आणि बाबांच्या गालावर फिरवला. बाबांनी डोळे मिटले. दोन मिनिटांत गळ्यावरून ओघळ सुरू झाले, एक ओघळ थेट ओठाच्या उजव्या कडेकडे.

चूक ब्रशची नव्हती. बॅजर पाण्यासाठीच नावाजलेला आहे. त्याच्या केसांच्या दाटीत पाणी भरपूर साठतं आणि गालावर हळूहळू सुटतं. धडधाकट माणसाला ते सुख वाटतं. ज्याच्या तोंडात पाणी जाता कामा नये त्याला नाही. मी ब्रश पिळून, झटकून पाहिला, फेस बरा झाला. पण दुसरी अडचण होती. बाबांचे खुंट पांढरे आणि तारेसारखे टणक. तो मऊ ब्रश त्यांच्यावरून नुसता घसरायचा. खुंट उभे राहून त्यांच्या मुळाशी फेस जात नव्हता, आणि मग रेझर ओढायचं.

मग नुसता डुकराच्या केसांचा घ्यावा का? तो कणखर असतो, खुंट खालून उचलतो. फेस करायला साबणावर दाबून फिरवता येतो. पण नवा असताना टोचतो. डुकराचा केस स्वतः पाणी पितो, पाच मिनिटं भिजला की मऊ पडतो. वापरत गेलं की आठवड्यांमागून आठवडे टोकं फाटत जातात आणि मग खरा मऊ होतो. म्हणजे नव्या चपलेसारखं, आधी ती चावणार, मग पायाची होणार. बाबांची कातडी कागदासारखी झालेली. त्यांना चावून घ्यायला सांगणं बरं दिसलं नसतं.

म्हणून शेवटी मिश्र केसांचा. डुक्कर आणि बॅजर यांचं प्रमाण कंपनीगणिक वेगळं असतं, पण तत्त्व एकच. डुकराचे केस कणा देतात, बॅजरचे केस वरची मऊ टोकं आणि थोडं जास्त पाणी देतात. इटली, पोर्तुगाल, इंग्लंडकडच्या जुन्या कंपन्या असे ब्रश करतात. तिकडे शौकीन लोक याला मधला मार्ग म्हणून जरा नाक मुरडतात, हेही वाचलं. आम्हाला नेमका मधलाच मार्ग हवा होता. फेस घट्ट व्हावा, ओघळू नये, टोचू नये, आणि खुंट उचलावेत.

निवडताना मी तीन गोष्टी पाहिल्या. केसांच्या गाठीचा व्यास २२ मिलिमीटर, कारण त्याहून मोठा घेतला तर फेस नाकात-कानात जातो. केसांची उंची पाच सेंटीमीटरच्या आसपास, कारण फार उंच असला की लुळा पडतो. आणि मूठ जाड, कमरेत बारीक. ही तिसरी गोष्ट मी माझ्या बोटांसाठी पाहिली होती. तिचा उपयोग पुढे भलताच झाला. ब्रश ११०० रुपयांना पडला.

घरी आल्यावर दोन माणसांनी आक्षेप घेतला. पहिला माझ्या मुलाने. "आई, २०२४ साली प्राण्यांचे केस? कृत्रिम घे ना!" त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि मी ते इथे मुद्दाम लिहिते आहे. चीनमध्ये बॅजरना ज्या प्रकारे कोंडून ठेवतात आणि मारतात त्यावर प्राणिमित्रांनी आवाज उठवला आणि काही कंपन्यांनी बॅजर विकणंच बंद केलं. आजचे कृत्रिम धाग्याचे ब्रश फार सुधारलेले आहेत. भिजवावे लागत नाहीत, लवकर वाळतात, वास येत नाही, स्वस्तही पडतात. तुम्ही आज पहिला ब्रश घेणार असाल तर मी तोच घ्या म्हणेन. मुलाने स्वतःच्या खाऊच्या पैशातून आजोबांसाठी एक आणलासुद्धा. आम्ही चार दिवस वापरला. फेस उत्तम झाला. पण बाबा पाचव्या दिवशी त्याच्याकडे पाहून म्हणाले, "नाही." का ते त्यांना सांगता येत नव्हतं. खरखर येत नसे म्हणून असेल. माणसाला एवढ्या थोड्या गोष्टींना 'हो' म्हणता येत असताना मला त्यांच्याशी वाद घालायचा नव्हता. कृत्रिम ब्रश आता मुलगा वापरतो. बावीस केसांच्या आजूबाजूला.

दुसरा आक्षेप माझ्या स्वतःच्या मनाचा होता. आमचं घर शाकाहारी, सोवळंओवळं आता फार नाही, पण बाबांच्या पूजेला अजून धाबळी लागायची. त्या माणसाच्या तोंडाला मी डुकराचे केस लावणार, आणि त्यांना सांगणार नाही? त्यांनी बोलून विरोध केला असता तर वाद झाला असता, मी समजूत घातली असती. ज्याला विरोध करता येत नाही त्याच्यापासून लपवणं ही फसवणूक झाली. दोन दिवस ब्रश खोक्यातच राहिला. आईला तर मी काही बोललेच नव्हते.

तिसऱ्या दिवशी आई भाजी आणायला गेली असताना मी बाबांसमोर बसले. ब्रश दाखवला. म्हटलं, "बाबा, यात डुकराचे केस आहेत. थोडे दुसऱ्या प्राण्याचे, पण जास्त डुकराचे. तुम्हाला चालेल का? नसेल चालत तर दुसरं काही बघू."

बाबांनी ब्रश डाव्या हातात घेतला. केसांवरून अंगठा फिरवला, उलट-सुलट दाबून पाहिला, अगदी दुकानदार पाहतो तसा. मग माझ्याकडे पाहून स्पष्ट म्हणाले, "कानपूर."

"कानपूर?"

"कानपूर," आणि हसायला लागले. झटक्यानंतर प्रथमच असे हसले, डाव्या बाजूने का होईना.

मला वाटलं शब्द पुन्हा चुकला. 'चालेल' म्हणायचं असेल आणि निघालं 'कानपूर'. आमचं कानपुरात कुणी नाही. पण ते रागावले नाहीत, उलट दोन-तीनदा म्हणाले. मी आधी होकार समजून दाढी केली. फेस लोण्यासारखा घट्ट झाला, एक ओघळ नाही, एक ठसका नाही. संध्याकाळी मात्र कानपूर डोक्यातून जाईना.

उलगडा झाला आठवड्याने. दुकानात बाबांच्या बरोबर काउंटरवर असणारे एक काका त्यांना भेटायला आले. मी गंमत म्हणून सांगितलं, तर काका मांडीवर थाप मारून म्हणाले, "अगं, बरोबरच बोलले ते! रंगाचे ब्रश कशाचे असतात? सुअर के बाल! सगळा माल कानपूरकडून यायचा. वहीत आम्ही ब्रिसल लिहायचो. ब्रश तयार होऊन यायचे शेरकोटहून, पण बाल कानपूरचा. हाताने दाबून प्रत सांगायचे तुझे बाबा!"

मग मी शोधलं. उत्तर प्रदेशातलं कानपूर हे डुकराच्या केसांच्या व्यापाराचं जुनं मोठं केंद्र. तिथे केस धुऊन, विंचरून, लांबीप्रमाणे वेगळे करून परदेशीसुद्धा जायचे. आणि बिजनौर जिल्ह्यातलं शेरकोट म्हणजे ब्रश बनवणाऱ्यांचं गाव.

काका जाताना हळूच म्हणाले, "तो काळ्या मुठीचा होता ना त्यांचा, तोही त्यातलाच. दुकानातून दोघांनी मिळून दोन घेतले होते. मला म्हणाले होते, घरी बोलू नकोस, आमची आई विहिरीत टाकेल."

म्हणजे चाळीस वर्षं हे गुपित बाबांच्या पोटात होतं. आजीला सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही. आणि मी दोन दिवस रात्री जागून काढल्या होत्या.

आता आईला सांगणं भाग होतं, कारण काकांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत जातो. आई पदराला हात पुसत बाहेर आली. बाबा खिडकीबाहेर पाहू लागले. आई म्हणाली, "चाळीस वर्षं तो ब्रश दत्ताच्या तसबिरीखालच्या कप्प्यात होता!" थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग तिने स्वतःच निकाल दिला. "दाढी आंघोळीच्या आधीच करतात ना? मग झालं. अंघोळीत सगळं जातं. पण नवीन ब्रश तिथे ठेवायचा नाही. बाथरूमच्या खिडकीत ठेवा." बाबांनी मान डोलावली. शिक्षा कमी झाल्यासारखी.

तर अडीचशे दाढ्यांनंतर हा माझा रिवाज. कुणाच्या घरी उपयोग होईल म्हणून सांगते.

नवा मिश्र ब्रश पहिल्या दिवशी वापरू नका. त्याला ओल्या जनावरासारखा वास येतो. थोड्या शाम्पूने धुवा, मग साबणाचा भरपूर फेस करून फेसासकट रात्रभर ठेवा, सकाळी धुवा. असं दोन-तीनदा केलं की वास जातो. पहिल्या काही आठवड्यांत दोन-चार केस गळतात, घाबरू नका. महिना-दीड महिन्यानंतरही रोज गळत असतील तर ब्रश वाईट.

वापरायच्या आधी तीन मिनिटं कोमट पाण्यात भिजवा. पाणी फक्त केसांपुरतं हवं, मूठ बुडवायची नाही, नाहीतर डिंक सुटतो. उकळतं पाणी तर कधीच नाही, केस ठिसूळ होतात. पूर्ण बॅजर असेल तर एवढं भिजवावं लागत नाही, पूर्ण डुकराचा असेल तर पाच मिनिटं द्या. भिजला की हलक्या हाताने पिळून दोन झटके द्या. फेस पातळ होण्याचं कारण बहुतेक वेळा हा झटका न देणं हेच असतं.

गोल साबणावर अर्धा मिनिट फिरवा. क्रीम असेल तर हरभऱ्याएवढं पुरतं. मग वाटीत फेस करा आणि पाणी थेंबाथेंबाने घाला. घाई केली की बिघडतं, आपण श्रीखंडाचा चक्का फेटतो तसंच. बुडबुडे दिसताहेत तोवर झालेला नाही. चकाकी आली आणि ब्रश उलटा धरला तरी फेस पडला नाही म्हणजे झाला.

आणि पाणी! हे इंदूरकरांसाठी खास. आमच्याकडे एक दिवसाआड नर्मदेचं पाणी येतं, बाकी बोअरिंग. बोअरिंगचं पाणी जड, त्यातल्या चुन्याशी साबणाची गाठ पडली की फेस बसतो आणि वाटीत नुसता मळ उरतो. मी आठवडाभर साबणाला दोष देत होते. आता दाढीसाठी नर्मदेच्या पाण्याची एक बाटली वेगळी भरून ठेवते. आई म्हणते, नर्मदामाई कशाकशाला पुरेल.

चेहऱ्यावर आधी गोल गोल, म्हणजे खुंट उठतात, मग रंगाऱ्यासारखे सरळ हात मारायचे. दाबून ब्रश चेंदायचा नाही, टोकं मोडतात. बाबांच्या उजव्या गालाला ताण नाही, त्यांना गाल फुगवता येत नाही. तिथे मी दोन बोटांनी कातडी कानाकडे ओढून धरते. ओठाच्या कडेला ब्रश नेत नाही, बोटाने फेस लावते. मान जरा पुढे, हनुवटीखाली टॉवेल. रेझर केसांच्या दिशेनेच, उलटं नाही.

झाल्यावर ब्रश स्वच्छ पाण्यात, फेस निघेपर्यंत. झटकून हवेशीर उभा करून ठेवा किंवा स्टँडवर टांगा. ओला ब्रश डबीत बंद करायचा नाही. गेल्या श्रावणात मी प्रवासाला जाताना केला, परत आले तर मुळाशी बुरशी. तेवढ्यावर निभावलं, व्हिनेगरच्या पाण्यात धुऊन वाचवला. दोन दिवसांआड दाढी करतो, त्यामुळे तो मधे पूर्ण वाळतो.

आता त्या जाड मुठीबद्दल. गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. मी फेस तयार केला आणि मोबाइल वाजला म्हणून बाहेर गेले. परत आले तर बाबांनी वाटीतला ब्रश डाव्या हाताने उचलला होता. जुनी बारीक मूठ असती तर डाव्या हाताच्या सवय नसलेल्या बोटांतून निसटली असती. ही बरोबर बसली होती. त्यांनी डाव्या गालावर फेस लावला. मग हनुवटीवर. मग उजव्या गालावर न्यायला गेले आणि बराचसा कानाला लागला. मी दारात उभी राहिले, पुढे गेले नाही. ब्रशने कापत नाही, तेवढं त्यांना करू द्यायला काय हरकत होती? हे मला वर्षभर सुचलंच नव्हतं. मी सगळं त्यांच्यासाठी करून देत होते, आणि चांगलं करते आहे असं समजत होते.

फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, करू द्या, चांगला व्यायाम आहे. तेव्हापासून वाटणी ठरली आहे. फेस बाबा लावणार, रेझर मी धरणार. त्यांना दहा मिनिटं लागतात. टॉवेल, बनियन, कधीकधी चष्मा, सगळ्यावर फेस असतो. मला बँकेत उशीर होतो. शब्द अजून फार आलेले नाहीत. 'चहा' आता चहाच येतो. फेस लावून झाला की ब्रश माझ्या हातात देतात आणि मनासारखा जमला असेल तर एक शब्द म्हणतात.

तो शब्द कोणता, ते तुम्ही ओळखलं असेल. आमच्या घरात 'छान'साठी आता सगळेच तो वापरतात. काल मुलाने पोह्यांचा पहिला घास घेतला आणि म्हणाला, "आई, आज एकदम कानपूर!"